नसलेल्या बाह्या

व्हिडिओ बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की मी बाह्या सरसावतेय. उजव्या हाताने डावी, मग डाव्या हाताने उजवी, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि मग दोन्ही तळवे लोकांसमोर धरायचे, बघा, काही नाही. जादूगार हे करतातच, त्यात विशेष काही नाही. पण मी त्या दिवशी घातला होता निळा कुर्ता, अर्ध्या बाह्यांचा. बाही दंडावरच संपत होती आणि मी मनगटावरचं काहीतरी न दिसणारं चिमटीत धरून वर ओढत होते. चाळीस मिनिटांच्या शोमध्ये सहा वेळा. मोजलं मी.

हे २००९ च्या गणपतीतलं शूटिंग. ठाण्यात कोपरीला एका सोसायटीत शो होता, सेक्रेटरींच्या पुतण्याने तो कॅमेऱ्यावर घेतला आणि सीडी करून घरी आणून दिली, अगदी प्रेमाने. आई शेजारी गवार मोडत बसली होती, मधेच मान वर करून "हे छान झालं गं" म्हणत होती, आणि मला त्या निळ्या कुर्त्यावरून नजर हलवता येईना. रिमोटने मागे नेऊन परत बघितलं. परत तेच. आणि इतकं सफाईदार की बघणाऱ्या कोणाला खटकलंसुद्धा नसेल, उलट वाटलं असेल वा काय सराईत आहे ही बाई.

बाह्या कोणाच्या ते लगेच कळलं. सरांच्या. सरांचा काळा कोट, आत पांढरा शर्ट, आणि प्रत्येक आयटमच्या आधी ते सरसावणं. मी सहा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला, तीन फुटांवर, उभी राहून ते बघत होते. (सरांचं नाव लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय लिहिणं मला बरं वाटत नाही.)

मी त्यांची असिस्टंट होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ओळखीतून ते काम मिळालं, घरी आधी नको नको झालं मग सर स्वतः येऊन बाबांशी बोलले. पेटीत शिरणं, रुमाल हातात देणं, कबुतरं सांभाळणं, आणि हसणं. बाईला करवतीने कापायचा खेळ लंडनमध्ये सेल्बिट नावाच्या जादूगाराने १९२१ मध्ये लोकांसमोर आणला आणि तेव्हापासून पेटीत बाई, बाहेर पुरुष हे इतकं पक्कं होऊन बसलंय की पेटीतल्या बाईचं कौशल्य किती असतं हा प्रश्न कोणाला पडतच नाही. सर रात्री टेंपोतून परत येताना बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांचा किस्सा सांगायचे. ९ एप्रिल १९५६, बीबीसीचा पॅनोरमा कार्यक्रम, सरकारांनी एका मुलीला कापलं, तिला उठवायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली आणि ते थेट प्रक्षेपण तिथेच थांबलं. लोकांना वाटलं पोरगी खरंच मेली, बीबीसीचे फोन वाजून वाजून जाम झाले. सर हे टायमिंगचा धडा म्हणून सांगायचे. मी टेंपोच्या मागच्या बाजूला कबुतरांचा पिंजरा मांडीवर घेऊन विचार करायचे की ती टेबलावर पडलेली मुलगी तेव्हा काय विचार करत असेल.

सर वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी अर्धं सामान मला दिलं, आणि मी शो करायला लागले. सामान त्यांचं, क्रम त्यांचा, बोलणंही त्यांचंच. "मेहरबान, कदरदान" पासून "गिली गिली छू" पर्यंत. ते गिली गिली तरी कुठलं आपलं? इजिप्तमध्ये पोर्ट सईद बंदरात बोटींवर चढून खेळ करणारे जादूगार "गली गली" म्हणायचे, गोगिया पाशा नावाचे आपले पंजाबी गृहस्थ इजिप्शियन वेष करून ते इथे म्हणायला लागले, त्यांचं ऐकून सर म्हणायला लागले असतील, आणि मी नौपाड्यात वाढलेली मुलगी कोपरीच्या मंडपात मराठी पोरांसमोर ते म्हणत होते. तोपर्यंत मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. जादू अशीच करतात असं वाटायचं.

त्या सीडीनंतर मी चार महिने शो घेतले नाहीत.

आधी मी सोपा उपाय केला, कोट शिवला. बाह्या सरसावायची सवय आहे ना, मग बाह्या असू देत. टेलरने छान शिवून दिला, आत हवे तसे खिसे. पण तो घालून आरशासमोर उभी राहिले तर मी सरांसारखी दिसत होते, जास्तच. मग कोटाबद्दल वाचायला लागले. जादूगाराचा कोट हा त्याचा वर्कशॉप असतो, अर्ध्या युक्त्या कोटाच्या खिशांवर, अस्तरावर आणि बाहीच्या लांबीवर उभ्या आहेत, पुस्तकात "उजव्या हाताने सहज खिशाकडे जा" असं लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की वाचणाऱ्याला कोट आहे. हा कोट रूढ करायचं श्रेय पॅरिसच्या रोबेर-उदँ या जादूगाराला देतात. घड्याळं बनवणारा माणूस, १८४५ मध्ये त्याने पाले-रोयालमध्ये स्वतःचं छोटं थिएटर काढलं. त्याच्या आधी बरेच जादूगार लांब झगे घालायचे, स्टेजवर चकचकीत सामानाचा बाजार मांडायचे. त्याने ते सगळं काढून टाकलं आणि समोरचे प्रेक्षक संध्याकाळी बाहेर पडताना जे कपडे घालतात तेच घालून उभा राहिला. पुढे हुडिनीने स्वतःचं नावसुद्धा त्याच्या नावावरून घेतलं. म्हणजे बघा, त्या माणसासाठी कोट म्हणजे "मी तुमच्यातलाच" असं सांगणं होतं, आणि त्याच्यानंतर जगभर तोच कोट जादूगाराचा गणवेश झाला. कपडा उचलला सगळ्यांनी, त्यामागचा विचार राहिला पॅरिसमध्येच.

हे वाचल्यावर मला एकदम मोकळं वाटलं. माझ्यासमोरचे लोक काय घालतात? गणपतीत, हळदीकुंकवाला, वाढदिवसाला समोर बसलेल्या बायका काय घालतात? साडी. मग मी साडी नेसायचं ठरवलं, पण साडी नेसून सरांचेच आयटम करायला लागले तर एकही चालेना. खिसा नाही. बाही नाही. एक हात सारखा पदराकडे जातो.

माझी एक मैत्रीण हौशी नाटकं बसवते, राज्य नाट्य स्पर्धेत तिचं काहीतरी असतंच. तिला जादूतलं काही कळत नाही, आणि म्हणूनच तिला बोलावलं. चरईतल्या एका शाळेच्या वर्गात रविवारी बाकं बाजूला सारून आम्ही बसलो. ती म्हणाली, सामान सगळं पिशवीत ठेव आणि पूर्ण शो कर, वस्तू नसताना. मी म्हटलं म्हणजे काय, नुसत्या हातांनी? हो, नुसत्या हातांनी. आणि मी करायला लागले आणि ती मधेमधे एवढंच विचारायची, "हे कोणाचं?"

बाह्या, सरांच्या. बोट नाकासमोर धरून डोळे मोठे करणं, सरांचं. दोन पावलं मागे जाऊन टाळ्यांची वाट बघणं, सरांचं. पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात उडवताना मान तिरकी, टीव्हीवर एक परदेशी जादूगार बघितला होता त्याची. हे कोणाचं, हे कोणाचं, दोन तास. मला रडू यायला लागलं. माझं म्हणावं असं काहीच निघेना, मी म्हणजे नुसती भाड्याची खोली, कोणीही येऊन राहून गेलेली.

शेवटी रुमालाचा आयटम आला. रुमाल नव्हताच, मी हवेतच तो उचलला आणि ती म्हणाली, थांब. परत कर. केलं. "कापड हातात आलं की तू आधी काठ चाचपतेस. अंगठा आणि दोन बोटांनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हे कोणाचं?"

सर असं करत नसत. टीव्हीवर कोणी करत नाही. मला सांगता येईना. घरी येताना तलावपाळीला एक पूर्ण चक्कर मारली आणि गडकरी रंगायतनसमोर आले तेव्हा आठवलं. बोहारीण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई. डोक्यावर टोपली, खांद्यावर कपड्यांचं बोचकं, आणि दुपारी दीड-दोनला सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक. आमच्या चाळीत ती आली की आई आतून एक गाठोडं आणायची, आणि मग व्हरांड्यात जे काही चालायचं ते माझ्यासाठी जगातलं सगळ्यात मोठं नाटक होतं. बोहारीण साडी हातात घ्यायची आणि न बघता, आईशी बोलता बोलता, काठ अंगठ्याखालून सरकवत न्यायची. कुठे विरलंय, कुठे रफू आहे, काठाची जर खरी आहे का, सगळं तिची बोटं वाचायची. मग साडी उजेडाकडे धरायची आणि नेमक्या भोकातून बोट बाहेर काढून आईला दाखवायची. आई म्हणायची दोन साड्या आणि एक पँट, पातेलं दे. ती म्हणायची ताई याला चमचा पण येत नाही. अर्धा तास. ती टोपली उचलून उठायची, आई दार लावून घ्यायची, आणि परत दोघी बसायच्या. शेवटी भांडं घरात यायचं आणि गाठोडं जायचं, आणि दोघींच्याही चेहऱ्यावर आपण फसलो असं असायचं पण डोळ्यांत मात्र आपणच जिंकलो.

आता सांगा, याहून मोठी जादू कुठली? बाबांची फाटकी पँट टोपलीत जाते आणि डबा बाहेर येतो. मी पाच वर्षांची असताना मला खरंच वाटायचं की ती पँटचाच डबा करते.

हे सापडल्यावर मी एक वर्ष दुसरं काही केलं नाही. सगळ्यात आधी भीती वाटली ती नक्कल करायची. आमच्या भागात अजून एक मावशी येतात, भांडीवाल्या, आता प्लास्टिकचे टबपण ठेवतात. त्यांच्यासोबत बसले, चार-पाच दुपारी. त्यांनी शिकवलं की शर्टाची आधी कॉलर बघायची मग काख, पँटचा आधी गुडघा, आणि पोरांचे कपडे कधीच जास्त किमतीला घ्यायचे नाहीत कारण पोरं कपडे संपवूनच सोडतात. हे शिकवणं मी त्यांच्याकडून घेतलं, त्यांचं बोलणं नाही घेतलं, त्यांचा वेषही नाही. स्टेजवर बोहारणीचं सोंग करून लोकांना हसवायचं, एका कष्ट करणाऱ्या बाईवर, हे मला जमणार नव्हतं आणि जमलं असतं तरी करायचं नव्हतं. मी माझ्याच साडीत, माझ्याच भाषेत उभी राहते. टोपली तेवढी तिची.

नकलेवरून आठवलं. चुंग लिंग सू नावाचा जादूगार होता, चिनी वेष, चिनी वेणी, स्टेजवर इंग्रजीचा शब्द नाही. खरा माणूस विल्यम रॉबिन्सन, अमेरिकन. चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराचं बघून त्याने नावासकट सगळं उचललं आणि लंडनमध्ये उचलणाराच मोठा झाला. १९१८ मध्ये वूड ग्रीनच्या थिएटरमध्ये बंदुकीची गोळी झेलायच्या खेळात खरी गोळी लागली तेव्हा तो स्टेजवर पहिल्यांदा इंग्रजीत बोलला, पडदा पाडा म्हणून. दुसऱ्या दिवशी गेला. मी हे वाचलं त्या रात्री झोप नाही आली. अठरा वर्षं दुसऱ्याच्या तोंडात जगायचं आणि स्वतःचा आवाज काढायचा तो असा.

त्याच्या उलट दोन माणसं मला फार जवळची वाटतात. एक कार्डिनी, वेल्सचा, पहिल्या महायुद्धात खंदकात थंडीने हातमोजे काढता येईनात म्हणून मोजे घालूनच पत्त्यांचा सराव करायचा, आणि पुढे पांढरे मोजे घालून पत्ते काढणं हीच त्याची ओळख झाली. दुसरा अर्जेंटिनाचा रेने लाव्हांद. नऊ वर्षांचा असताना गाडीखाली उजवा हात गेला. पुस्तकातली जवळपास प्रत्येक हातचलाखी दोन हातांसाठी लिहिलेली, मग त्याने एका हाताची स्वतःची तयार केली, आणि वेगाने करण्याऐवजी हळू, अजून हळू, लोकांना सांगत की याहून हळू करता येत नाही. कोणाच्या हातावर मोजा चढला होता, कोणाचा हातच नव्हता, आणि मला खिसा नव्हता. तुलना नाही करत, माझं काहीच नाही त्यांच्यापुढे. पण दिशा कळली. जे नाही त्याच्याभोवती काम करायचं.

मग वाट्या. जादूतल्या सगळ्यात जुन्या खेळांपैकी एक म्हणजे तीन कप आणि गोळ्या. आपल्याकडे रस्त्यावर बसून करणाऱ्यांचे कप वेगळे असतात, डोक्यावर गोल मूठ असते, ती दोन बोटांत धरून कप उचलतात. मी घेतल्या स्टीलच्या साध्या वाट्या, आमटीच्या. जांभळी नाक्याच्या बाजारातून तीन, मग अजून तीन, मग अजून, सगळ्या सारख्या दिसल्या तरी कडा वेगळ्या निघतात. मूठ नाही, बुटक्या, गुळगुळीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाजतात. आणि गोळ्यांच्या जागी मला हवी होती शर्टाची बटणं, कारण बोहारणीला शर्ट द्यायच्या आधी आई सगळी बटणं कापून डब्यात ठेवायची, एक बटण सोडायची नाही. बटण स्टीलखाली गेलं की टिण्ण. चार महिने मी आवाज घालवायचा प्रयत्न केला. आतून कापड लावलं, मेण लावलं, बटणं बदलली. एका रात्री वाटी हातातून सुटली, आत बटण होतं, आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "आई, बटण मधल्या वाटीत आहे!" ती बघत नव्हती. नुसतं ऐकून सांगत होती.

तिथे सगळं उलटलं. डोळ्यांना कसं चकवायचं हे सगळे शिकवतात, आपण बघू तिकडे लोक बघतात, हसले की क्षणभर ढिले पडतात, सगळं पाठ असतं. कानांबद्दल मला तरी कोणी काही शिकवलं नव्हतं. आता माझ्या आयटममध्ये प्रेक्षक बटण ऐकतात. मधल्या वाटीत वाजलं, सगळ्यांनी ऐकलं, मी उचलते, नाही. कसं ते सांगणार नाही, पण लोक डोळ्यांवर अविश्वास दाखवायला तयार असतात, स्वतःच्या कानावर नाही, आणि तो चेहरा, कान टवकारून बसलेल्या माणसाचा, तो मला दुसऱ्या कुठल्या खेळात मिळालेला नाही.

पहिला शो पडला. घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये वाढदिवस होता, तीस मुलं, आणि त्यातल्या एकालाही बोहारीण माहीत नव्हती. मी सांगत बसले, ती ऐकत नव्हती, कार्यक्रम ठरवून देणाऱ्या माणसाने नंतर फोनवर सांगितलं मॅडम कबुतर असेल तर पुढे बोलू. मी मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली तू समजावत होतीस, जगत नव्हतीस. पुढच्या शोमध्ये मी समजावलं नाही. स्टेजवर आले, टोपली ठेवली, एक हाक दिली आणि गप्प राहिले. मागच्या रांगेतून एका आजींनी ओरडून उत्तर दिलं, "काय भाव लावला गं पातेल्याला?" पोरं मागे वळून आजीकडे बघायला लागली. तेव्हापासून माझा शो तसाच सुरू होतो, हाक द्यायची आणि थांबायचं. कोणीतरी उत्तर देतंच. आणि मग मुलांना सांगायचं काम मला नसतं, ते आजी करते.

सफाई यायला अजून तीन वर्षं गेली, आणि त्यातलं बरंचसं काम कंटाळवाणं आहे, ते लिहून काय उपयोग. एकच सांगते, आरसा खोटं बोलतो. नेमक्या चोरीच्या, म्हणजे वस्तू गुपचूप उचलायच्या, क्षणी आपले डोळे आपोआप मिटतात, आपल्याला कळतही नाही, आणि आरशात ती चलाखी कधी दिसतच नाही म्हणून वाटतं छान झाली. मोबाईल समोर ठेवून शूट करायला लागले तेव्हा दिसलं की मी पापण्या लववते, आणि प्रेक्षकांत बसलेल्या हुशार पोराला तेवढं पुरतं. तो व्हिडिओ रोज बघायचा. सकाळी साडेपाच ते साडेसहा, पाणी यायच्या आधी, गॅलरीत, वाट्यांखाली पंचा घालून कारण खालचे काका झोपलेले असतात. शब्द कमी करत गेले. बोहारणीचा आयटम आधी एकवीस मिनिटांचा होता, आता अकरा मिनिटांचा आहे, आणि त्यातली दोन मिनिटं मी काहीच बोलत नाही, नुसता काठ चाचपते. पदराचं काय करायचं हा प्रश्न होता, कमरेला खोचला की बाई कामाला लागली हे आपल्या सगळ्यांना कळतं, कुणाला सांगावं लागत नाही. मी स्टेजवर पदर खोचते तिथे पूर्वी बाह्या होत्या.

शेवट मात्र सापडत नव्हता. वाट्या झाल्या, साडीचं भोक गेलं, साडी टोपलीत गेली, पुढे काय? भांडं बाहेर यायला हवं हे दिसत होतं पण नुसतं भांडं आलं तर लोक टाळ्या वाजवतात आणि उठतात. एकदा आईकडे फळीवरचं जुनं पातेलं घासत होते, बोहारणीकडूनच घेतलेलं, आणि बोटांना अक्षरं लागली. आपल्याकडे नवीन भांडं आलं की दुकानात नाव घालून घेतात, ते मशीन किर्रर्र करत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं काढतं, नाव आणि खाली तारीख. बोहारणीच्या भांड्यावर नाव नसायचं, आई मुद्दाम बाजारात जाऊन घालून आणायची. तिचं म्हणणं, नाव घातल्याशिवाय भांडं आपलं होत नाही.

आता शेवटी मी समोरच्या एका बाईंना विचारते, तुमच्या घरात कोणाच्या हातची आमटी तुम्हाला आठवते, नाव सांगा. त्या सांगतात. आईचं, सासूचं, आत्याचं, कधी वडिलांचं. मी टोपलीतून वाटी काढून त्यांच्या हातात देते आणि म्हणते बोट फिरवा. बघा नाही म्हणत. बोट फिरवा.

गेल्या वर्षी वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात एका महिला मंडळाचा कार्यक्रम होता. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने गेले, टोपली मांडीवर, ऐरोलीपर्यंत तिघींनी विचारलं भांडी विकता का, मी हो म्हटलं. शेवटच्या आयटमला दुसऱ्या रांगेतल्या एक काकू उभ्या राहिल्या, साठीच्या असतील, त्यांनी नाव सांगितलं ते इतकं हळू की मला परत विचारावं लागलं. वाटी हातात दिली. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि थांबल्या. टाळ्या नाहीत, काही नाही. मीपण काही बोलले नाही, ते दोन मिनिटांचं गप्प राहणं तीन वर्षं शिकले ते त्या दिवशी कामाला आलं.

शो संपल्यावर त्या विंगेत आल्या. वाटी पदराखाली धरलेली. म्हणाल्या, "ही परत द्यायची असते का हो?"

द्यायची असते. त्या वाटीवर माझा पुढचा शो अवलंबून असतो, आणि ती तयार करायला किती वेळ जातो ते मी कोणालाच सांगत नाही. मी म्हटलं, "नाही काकू, व्यवहार झाला ना आपला. पण मला काहीतरी द्यावं लागेल, फुकट नाही देत आम्ही." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पर्समधून हातरुमाल काढून दिला, सुती, कडेला निळ्या दोऱ्याची वेल, एका कोपऱ्यात विरलेला. मी काठ चाचपून बघितला आणि टोपलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळी नाक्याला गेले. दुकानदार आता ओळखतात. वाटी हातात देऊन नेहमीसारखं विचारलं, "ताई, नाव काय घालू?"

"राहू दे," मी म्हटलं, "आत्ता नको."